कमळाखालचं पाणी

१२ जानेवारी २०२५, शेतातून

ताईला जय भीम.

हे पत्र मी दिवाळीपासून टाळतो आहे. कागद आणला तर पेन सापडेना. पेन सापडला तर मासेवाला रूपला गाडी घेऊन दारात, चाल कारंज्याले. परत आलो तर त्याच कागदावर शेजारच्या भागिरथा काकूनं भजी ठेवून दिलेली. ही सगळी कारणं खरी आहेत, तरी त्यातलं एकही खरं नाही. "ताई" एवढं लिहिलं की पुढं हातच चालत नाही.

तू नंबर बदलला. पत्ता मिळाला तो मायच्या पेटीतल्या खोक्यावर. तू तिला लोकरीचे मोजे पाठवले होते ना, त्याचं खोकं. मोजे तिनं कधी घातले नाहीत, आपल्या वाशिम जिल्ह्यात मोजे घालून कोण फिरते. पण खोकं जपलं, त्यात सुया-दोरे ठेवायची. तिकीट केवढ्याचं लागते ते विचारायला कामरगावच्या पोस्टात गेलो, तर तिथल्या माणसानं पत्ता पाहून विचारलं, "हे नॉर्वे कोणत्या राज्यात येते?" मी म्हटलं, "बर्फाच्या." तो हसला नाही. मग मीही हसलो नाही.

आता कामाचं. आपल्या तळ्यातल्या माशांना काळे डाग पडले.

तू नॉर्वेला गेलीस त्या वर्षी बाबांनी शेततळं खोदलं अन् मायनं त्यात रोहू-कटला सोडले, तुझ्याच सांगण्यावरून. तिनं टाळी वाजवली की मासे काठाला यायचे, हे तू फोनवर पाहिलं आहेस. तेच मासे. अंगावर, कल्ल्यापाशी, शेपटीवर मोहरीएवढे काळे ठिपके. रूपला आपले मासे विकायला नेतो, मानोऱ्याकडल्या तांड्यावरचा आहे, मोटारसायकलच्या मागं क्रेट बांधून बाजार करतो. त्यानं कामरगावच्या बाजारात पहिली क्रेट उघडली, तर एका बाईनं मासा उलटासुलटा केला अन् सगळ्यांदेखत म्हणाली, "याले देवी आल्या का रे बाप्पा?" झालं. तेव्हापासून आपल्या मालाला देवीचे मासे म्हणतात. रूपलानं क्रेट तशीच परत आणून काठावर ठेवली.

"अनुप, तुह्या बहिणीले विचार. थे हेच काम करते ना तिकडं?"

हो, तू हेच काम करतेस. माय गावभर सांगायची, माही पौर्णिमा परदेशी माशाच्या अंगातले काळे डाग पाह्यते. भागिरथा काकू म्हणायची, "डाग पाह्याले एवढ्या दूर कायले जा लागते? माह्या घरचे भांडे पाह्य म्हणा." माय रागवायची नाही. तिला वाटायचं काकू जळते.

बाबांनी डाग पाहिले त्या दिवसापासून तळ्यात जाळं टाकू दिलं नाही. काठावर बसून राहतात. जेवण तिथंच नेऊन द्यावं लागते. बोलत नाहीत. लोक डागाबद्दल काहीबाही बोलतात, ते मी लिहीत नाही.

तू शेवटचं बोललीस ते "मले परकी केलं तुमी" एवढंच. मागच्या उन्हाळ्यात माय गेल्याचं तुला गावातल्या रंजीताच्या स्टेटसवरचा हार घातलेला फोटो पाहून कळलं, हे मला माहीत आहे. पण ताई, बाबांनी मलाही कळवलं नव्हतं. मी तेव्हा मंडपवाल्याबरोबर अमरावतीकडं होतो, लग्नाच्या कनाती बांधत. माय आजारी आहे हेच माहीत नव्हतं. भागिरथा काकूचा फोन आला अन् मी पोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं. अंगणात चपला पण उरल्या नव्हत्या. तू फार लांब होतीस. मी तर बसच्या एका तिकिटावर होतो.

काहून नाही कळवलं, हे बाबांना विचारायची हिंमत मला अजून झाली नाही.

माझ्याशी बोलू नको. त्यांच्याशी पण बोलू नको. माशाबद्दल तरी लिही. तू लिहिलं तर ते ऐकतील. दुसऱ्या कोणाचं ऐकत नाहीत.

अनुप


९ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून चालतो. पोचून उत्तर नसेल तर ते धरून चालायला मला जमणार नाही.

इकडं हरभरा सोंगणीला आला आहे. मला एका हार्वेस्टरवाल्यानं बोलावलं आहे, थेट पंजाबापर्यंत जायचं, गव्हाच्या मागं मागं. दरवर्षी कोणीतरी बोलावते अन् मी जातो. यंदा बॅग भरली, खाली ठेवली, परत भरली. बाबांनी पाहिलं पण विचारलं नाही. लहानपणी मी पळून जायचो तेव्हा माय शोधायला निघायची, आठवते? एकदा मी शेलूच्या यात्रेतल्या पाळण्यावाल्याबरोबर गेलो होतो, तिनं तिथून कान धरून आणलं. बाबा कधीच आले नाहीत. "गेला त गेला, भूक लागली का येईन." हे त्यांचं ठरलेलं. यंदा शोधायला कोण येणार, म्हणून बॅग तशीच पडून आहे.

कुठं होतो मी? हां, मासे.

तुझं उत्तर येईपर्यंत मी आपल्या अकलेनं करतो आहे. तुला तो फोन आठवते का, ज्यात तू चिरलेला सालमन मासा दाखवला होता? टरबुजासारखं मांस अन् बरगडीपाशी काळा डाग, जशी कोणी शाई सांडली.

मायनं विचारलं, "बाह्यरून दिसत नाई?"

"नाई माय. पोह्यते, खाते, वाढते. कापल्यावरच समजते."

"कायनं होते मंग?"

"पक्कं कोणालेच माहीत नाई. बरगडीपाशी कवातरी काही मोडते, आतल्या आत रक्त सांडते. पह्यले लाल असते. त्याच्यात एक विषाणू ठाण मांडते, जखम भरायची राहून जाते. मंग काळं होते."

"मोकळ्या समुद्रातल्या माशाले?"

"त्याले तोच विषाणू होते, पण असा डाग नाई पडत."

"काहून?"

"आमी पाळलेल्याले लवकर लवकर मोठा करतो. त्याचं खाणं वेगळं, चरबी वेगळी. असंच काही असन. तेच त शोधून राह्यलो."

मग मायनं विचारलं, "दुखते का त्याले?" तू म्हणालीस, "कोणी विचारलं नाई माय अजून."

बाबा मागं बसून ऐकत होते, तुला दिसले नसतील. पुढच्या खेपेला माशांचं बीज आणलं तेव्हा त्यांनी पिशवीवाल्या पोराला काठावर अडवलं होतं. "वरून नको ओतू. पाण्यात पिशवी धर अन् हळू सोड. बरगडी मोडन."

तर मी तुझंच ऐकून चाललो आहे. माशांना कोणी हात लावायचा नाही, धक्का लागायचा नाही. चरबी चांगली व्हावी म्हणून पेंडीत जवस कुटून घालतो. अन् हरभऱ्यात पक्ष्यांनी बसून अळ्या खाव्या म्हणून आपण काठ्यांचे पक्षीथांबे लावतो ना, तसे तळ्याच्या चारी बाजूंनी लावले. बगळा, खंड्या, पाणकावळा, सगळे येऊन बसतात. मायला खंड्या आवडायचा. वाटलं, पाण्यातले किडे खातील, अन् बाबांनाही बघायला काही राहील.

कमळं पण चांगली पसरली आहेत. मागच्या जुलैत बाबांनी वाशिमच्या एका जुन्या तळ्यातून कमळाचे कंद आणले होते, पानासकट, ओल्या पोत्यात, बसमध्ये मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणे, बाबा, हे काय भाजी आहे का?  आता अर्धं तळं पानानं झाकलं आहे.

डाग मात्र वाढून राहिले.

अनुप


४ मार्च २०२५

ताई,

पाकीट आलं. पोस्टातल्या त्याच माणसानं स्वतः आणून दिलं, "तुमचं बर्फाचं आलं" म्हणाला. म्हणजे त्या दिवशी मनात हसला होता.

दोन पानं. छापलेली. वर माझं नाव नाही, खाली ताई नाही, फक्त सही. तू कशी आहेस ते नाही, आम्ही कसे आहोत ते विचारलेलं नाही. मी ती पानं कामरगावच्या स्टँडवर उभ्यानं वाचली अन् जीप सुटली तरी तिथंच होतो. नुसत्या माशावरची दोन पानं वाचून कोणाला रडू येते का? मला आलं. पण तू लिहिलं, ताई. एवढं नीट कोणी परक्या माणसाला लिहीत नाही.

तू विचारलेलं सगळं तपासून पाहिलं. डाग मांसात नाही, कातडीवर आहे. नख फिरवलं की खसखशीसारखं खरखरते. कापून पाहिलं, आत मांस स्वच्छ. म्हणजे तू म्हणतेस तेच. तुझ्या सालमनचा डाग वेगळा अन् आपला वेगळा. आपला एका किड्यानं होते. पक्ष्याच्या पोटात किडा, त्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात, तिथून गोगलगायीत, गोगलगायीतून निघून माशाच्या कातडीत, अन् तो मासा खाल्ला की परत पक्ष्यात. रूपलाला समजावून सांगितलं तर तो म्हणे, "म्हणजे सगळ्यायले जेवण आपल्याच तळ्यात." शिजवून खाल्ला तर माणसाला काही होत नाही, हे ऐकून त्यानं तिथल्या तिथं एक मासा भाजून खाल्ला, अन् उद्या बाजारात सांगतो म्हणाला, अजून जिता हाव.

तू लिहिलं आहे, काळा रंग किड्याचा नसते. किडा आत शिरला की मासाच त्याच्याभोवती काळं विणते, त्याला कोंडून टाकायला. सालमनच्या डागातही काळं माशाचंच. हे मी परत परत वाचलं.

थांबे त्याच दिवशी उपटले. मीच लावले, मीच उपटले. मग काठाशी पाण्यात हात घातला, कमळाचं पान उलटं केलं. खाली गोगलगायी. दुसरं पान, तिथंही. मूठ भरून निघाल्या.

तू शेवटी विचारलं आहे, "नवीन पाणवनस्पती बाहेरून आणली होती का? गोगलगायी बहुतेक तिच्यासोबत आल्या असतील." अन् उपाय लिहिला आहे. वनस्पती मुळासकट काढा. उन्हाळ्यात तळं पूर्ण रिकामं करा, भेगा पडेपर्यंत वाळू द्या, चुना टाका. त्याशिवाय हे जाणार नाही.

ताई, त्या तळ्यात माय आहे.

तू त्या एका फोनवर विचारलं होतं, रक्षा कुठं ठेवली. मी शेतात म्हटलं, तू "मले परकी केलं तुमी" म्हणालीस अन् फोन ठेवला. शेतात म्हणजे तळ्यात. झाडाखाली पुरू असं सगळे म्हणत होते. बाबा म्हणाले, ती दोन्ही टाइम कुठं उभी राहे? तळ्यावर. मंग झाडाखाली कायले? अन् गाडगं घेऊन पायऱ्या उतरले, कमरेपर्यंत पाण्यात गेले. मासे आले, ताई. त्यांना वाटलं पेंड आहे. मी काठावर होतो. मला ते पाहवलं नाही, मी दुसरीकडं तोंड केलं.

कमळं त्यासाठीच आणली. तिच्यावर फुलं असावीत म्हणून.

लोक काय बोलतात ते आता लिहितो. ते म्हणतात माशाला राख लागली. बाबांनाही तेच वाटते. मागं एकदा जेवण ठेवताना मी त्यांचं बोलणं ऐकलं, माशांशीच बोलत होते. "तुमच्या अंगावर बसली का ते? राहू द्या. जड नाई ते."

आता मी त्यांना काय सांगू? ती राख नाही म्हणून सांगितलं तर विचारतील, मग काय आहे. काय आहे ते सांगितलं तर कमळं कोणी आणली तिथं येऊन थांबते. अन् तळं रिकामं करा, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

हे तू सांग. एक फोन कर त्यांना. माझा नंबर तोच आहे, त्यांचा पण तोच आहे. नाहीतर छापलेलंच लिही, चालेल.

अनुप


३० मार्च २०२५

ताई,

वाट पाहिली. मग आज मीच वाचून दाखवलं.

असं झालं की तुझी पानं पाकिटासकट माझ्या उशाखाली होती अन् भागिरथा काकू गोधड्या उन्हात टाकायला आली. तिनं ती बाबांच्या हातात दिली. तिला वाटलं विजेचं बिल आहे. बाबांनी परदेशी तिकिटाचं पाकीट पाहिलं अन् मला हाक मारली. मी लपवलं म्हणून रागावले नाहीत.

"तिनं लिवलं?"

"हो."

"तिच्या हातचं नाई हे." त्यांनी पानावरून अंगठा फिरवला, अक्षर हाताला लागते का पाहत. खाली सही सापडली. तिथं अंगठा ठेवून बसले. "वाच."

मी वाचलं. पक्षी, गोगलगाय, मासा.  कमळाची ओळ आली तिथं मी पुढची वाचली.

"मंधातलं काहून सोडलं?"

"काही नाई बाबा, तसंच होतं थोडंसं."

"अनुप, म्या तुले साळंत घातलं होतं. तू गेला नाई ते वेगळं. पण वाचता येते तुले. वाच."

मी वाचलं. ते उठून तळ्यावर गेले. गुडघ्यावर बसून एक पान उलटं केलं, जसं मी केलं होतं. खूप वेळ तसेच बसून राहिले. भागिरथा काकू माझ्याजवळ येऊन म्हणे, "काय वाचलं रे पोट्ट्या तू? माणूस पडन पाण्यात." मी जाऊन मागं उभा राहिलो.

"म्हणजे म्या आणलं हे," ते म्हणाले.

"तुमाले काय माहीत होतं बाबा. थांबे त म्या लावले. पक्ष्यायले आवतन म्याच देल्लं."

"तिच्या माशायले म्या लावलं हे."

मी म्हटलं, ताईनं उपाय पण लिहिला आहे. काकूच्या घरचं पाणी उपसायचं इंजन आणू, मासे तोवर हौदात सोडू, पाणी मायच्या संत्र्याच्या झाडांना देऊ, तळं उन्हाळाभर वाळू देऊ. मी फार पटपट बोललो. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"एकडाव उचलून नेली तिले घरातून. आता दुसऱ्यांदा नाई काढत."

"बाबा, थे माय नाई. पाणी आहे थे."

हे मी बोलायला नको होतं. ते म्हणाले, "तुले काय माहीत? तू होता का?"

ताई, मग जे पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. मी ओरडलो. "मी होतो का? मले सांगतलं का तुमी? ताईले सांगतलं? थे तिकडं परकी होऊन बसली, मी इकडं कनाती बांधून राह्यलो होतो, अन् तुमी एकट्यानंच माय नेऊन पाण्यात टाकली! आमाले तिचं तोंड दाखवलं नाई, अन् आता पाणी पण धरून ठेवता!"

भागिरथा काकूनं तोंडाला पदर लावला.

बाबा माझ्याकडं न पाहता बोलले. हळू बोलले. "ती म्हणे पौर्णिमेचा शेवटचा पेपर आहे का काय ते होऊन जाऊ द्या. म्या म्हटलं बरं. मंग म्हणे अनुपले नका सांगू, तो सगळं टाकून पळत येईन, पह्यल्यांदा कुठं टिकला आहे तो. म्या म्हटलं बरं. तिले वाटे ती उठन. मलेही वाटे. मी तिले कोणत्या गोष्टीले नाई म्हटलं जिंदगीत? एवढ्याच दोन गोष्टीले म्हणा लागत होतं."

मी बॅग उचलली. भरलेलीच होती. ते म्हणाले, "हां. तेच येते तुले."

आता रूपलाच्या गाडीवर मागं बसायच्या आधी हे लिहितो आहे, इथं काठावरच. रामनवमीला पोहरादेवीला गर्दी असते, त्याच्या मामेभावाची रसवंती आहे, तिथं हात पाहिजे आहेत. तू फोन करू नको आता. मी तिथं नसणार अन् ते उचलणार नाहीत.

अनुप


५ एप्रिल २०२५, पोहरादेवी

ताई,

ऊस चरकात घालतो, ग्लास धुतो, लिंबू पिळतो. उद्या नवमी. तेलंगणा-कर्नाटकातून पण गाड्या आल्या आहेत, माणसंच माणसं. अमरसिंग, म्हणजे रूपलाचा मामेभाऊ, म्हणे, "तुह्यासारखा पोट्टा पाह्यजे होता मले, बोलत नाई, नुसता रस काढते." मी न बोलणारा! तू ऐकलं असतं तर हसली असतीस.

काल एक बाई लेकराला घेऊन आली, लेकराच्या गुडघ्यावर खपली होती. तो सारखा खपली ओढत होता अन् बाई त्याच्या हातावर चापट मारत होती. "राहू दे ना, भरून राह्यलं ते." मी ग्लास हातात धरून तिकडंच पाहत राहिलो. अमरसिंगनं आवाज दिला तेव्हा भानावर आलो, रस सांडला होता, मुंग्या लागल्या होत्या.

मला आता बाबांचा राग येत नाही. येतो, पण टिकत नाही. माय दोन लेकरांना सांगू नको म्हणाली अन् त्यांनी सांगितलं नाही. नंतर त्यांना कोणी विचारलं पण नाही, तुम्ही एकट्यानं कसं केलं सगळं. तू फोन बंद केला, मी विचारायला घाबरलो. ते मग माशांशी बोलत बसले.

तू ये असं मी लिहिणार नव्हतो. तुझं काम, तुझी रजा, मला काही कळत नाही. पण बुद्धपौर्णिमेला तुझा वाढदिवस असते अन् माय खीर करायची, तू नसली तरी करायची, अन् तुझ्या वाटची वाटी तळ्यावर नेऊन थोडी माशांना टाकायची. यंदा खीर कोण करणार? मला नुसता चहा येते. भागिरथा काकू करून देईल म्हणा, पण ती गूळ जास्त घालते.

हरभऱ्याचं तर मी सांगितलंच नाही तुला. यंदा एवढा चांगला

थांब ताई. रूपला गर्दीतून हाका मारत येऊन राहिला आहे, माझ्याकडं बोट दाखवतो आहे कोणाला तरी.

बाबा आले आहेत.

चरकाच्या समोर उभे आहेत. अमरसिंगनं खुर्ची दिली तर बसले नाहीत. मानोऱ्यापर्यंत बस अन् पुढं कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर, असं रूपला सांगतो. सकाळपासून एकेका रसवंतीवर विचारत फिरले म्हणे, "माहा पोट्टा अठी हाय का?" ताई, हे बाबा. शोधायला आले.

मला पाहून पहिला प्रश्न काय केला असेल? "अठी पोस्ट कुठं हाय?"

मी म्हटलं, "कायले?"

त्यांनी दुपट्ट्यात बांधलेला डबा समोर ठेवला. मायचा आहे, शेतात भाकर न्यायची तो. उघडला. आत जाडं मीठ भरलं आहे अन् मिठात एक रोहू, डाग असलेला, शेपूट वाकवून बसवलेला.

"तिच्यापाशी लोकायचे मासे येतात म्हणे तपासाले, खोक्यात. माहा एक गेला त चालन ना?"

मी विचारलं, "तळ्यावर कोण हाय?"

"भागिरथा बसली हाय इंजनापाशी. पाणी संत्र्याले जाऊन राह्यलं." मग थोडं थांबून, "पह्यले मासे हौदात सोडले. हळू सोडले."

मी हे लिहितो आहे ते त्यांच्या समोरच, चरकाच्या फळीवर. ते पाहत आहेत. म्हणतात, "लिव तिले, मीठ दाबून भरलं हाय. पोचेपर्यंत टिकन का विचार. नाई टिकत म्हणन त मंग," इथंच थांबले.

पुढचं "तूच ये" त्यांच्या तोंडून निघत नाही.  त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत काळ्या गाळानं भरले आहेत, वाटेत वाळून त्याला भेगा पडल्या आहेत, अन् पायजम्याच्या काठाला कमळाच्या देठाचे तंतू अजून लोंबत आहेत.